कोणी धंदा विचारला नाही

(मुरुड, ता. दापोली येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला 'कौशल्य आणि रोजगार' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे, मी लहान आहे. मी धार लावतो. विळ्या, कोयत्या, कात्र्या, सत्तूर आणि गेली काही वर्षं कारखान्यातली ड्रिल आणि कटर. तेवढ्यापुरतं बोलतो.

सकाळी समुद्रावरून येताना तुम्ही दोन्ही बाजूंच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहिल्या असतील. प्रत्येक वाडीत एक तरी कोयती आहे, प्रत्येक घरात विळी आहे, आणि पलीकडे हर्णैच्या बंदरावर मासळी कापणाऱ्या बायकांकडे किती सुऱ्या असतील ते मोजायलाच नको. ही सगळी हत्यारं बोथट होतात. त्या बोथटपणावर आमच्या घराच्या तीन पिढ्या जगल्या.

आमची जात शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणारा, त्याला फारसी 'गर' लागला. मराठीत 'शिकल करणे' हा शब्द त्यातूनच आला. पूर्वी आरसे धातूचे असत, त्यांनाही सैकल करावं लागे. म्हणून सूफी मंडळी दिलाला सैकल करायची भाषा बोलतात. आमचे पूर्वज मात्र तलवारींना करायचे. पुढे संस्थानांच्या फौजा गेल्या, 1878 साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा आणला, आणि तलवारीवरचा हात विळीवर आला. हे काम करणारे हिंदू आहेत, शीख आहेत आणि आपणही आहोत. सहाण तीच असते.

आजोबा सातारा जिल्ह्यातले. पाऊस संपला की कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड करत ते या किनाऱ्याला यायचे. भातकापणीचे विळे, मग माघ-फाल्गुनात कवळ तोडायच्या कोयत्या, मग आंब्याचा हंगाम, आणि मिरग लागायच्या आत परत वर. महर्षी कर्वे याच मुरुडचे. मुलगेपणी ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. ते वर चालले, आमचे आजोबा खाली. आजोबांना परीक्षेला बसायचं आहे का, असं मात्र कोणी कधी विचारलं नाही.

त्यांची सहाण लाकडी चौकटीत बसवलेली होती. आसाला चामड्याची वादी गुंडाळलेली, आणि ती वादी ओढायची माझी आजी. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, दिवसभर. आजोबा फक्त हत्यार धरायचे. लोक म्हणायचे, 'शिकलगार आला.' ती आली असं कोणी म्हणत नसे. पुढे बसलेल्या मुलींसाठी हे मुद्दाम सांगतो.

आता धार म्हणजे काय? दोन उतार जिथे भेटतात ती रेघ. ते किती कोनात भेटतात यावर सगळं आहे. मासळीची विळी पातळ कोनाची हवी, नाहीतर सुरमईचा तुकडा कापला न जाता चेंगरतो. नारळ सोडणाऱ्या कोयतीला तोच कोन दिलात तर पहिल्याच घावाला धार दुमडेल. तिथे जाड कोन हवा, मागे मांस हवं. शिंप्याच्या कात्रीची फक्त बाहेरची तिरपी बाजू घासायची. आतली सपाट बाजू चाकाला लावली की कात्री मेली, कापड नुसतं चावत बसते. दातेरी विळा तर चाकावर घ्यायचाच नाही. बारीक कानशीने एकेक दात करायचा, आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा कामाला एवढा वेळ?

इथले लोहार कोयती बहुधा जुन्या गाडीच्या कमानपाट्याची करतात. ते पोलाद चांगलं असतं, पण उष्णतेला भितं. मोटरच्या चाकावर जोर देऊन धरलंत तर कडेला रंग चढतो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि निळा. निळा झाला की साधारण 300 अंशांपर्यंत गेलं, आणि तेवढ्या कडेचं पाणी उतरलं. दिसायला धार लखलखीत, दोन दिवसांत बोथट. बाई पुढच्या वेळी म्हणते, 'चाचा, तुम्ही विळी बिघडवलीत.' आणि तिचं बरोबर असतं. म्हणून हलका हात, आणि शेजारी पाण्याचं टमरेल. कडेवर पाण्याचा थेंब टिकतोय तोवर धरायचं. शेवटी धारेला केसासारखा बर येतो, तो निसण्यावर काढायचा. घाईतले लोक बर तसाच ठेवतात. बोटाला तो धारेसारखा लागतो, गिऱ्हाईक खूश होतं.

बकरी ईदच्या आधीचे आठ दिवस आम्हाला झोप नसते. सुरी धारदार असावी, जनावराला यातना होऊ नयेत, ही शिकवण तुम्हाला ठाऊक आहे. अब्बांना ती इतकी ठाऊक होती की ईदच्या सुरीवर ते दुप्पट वेळ घालवायचे आणि पैसे तेवढेच घ्यायचे.

आता अब्बांबद्दल. मी मुळात त्यासाठीच आलो आहे.

अब्बांनी फिरती सोडून दापोलीकडे पत्र्याची एक खोपटी घेतली. चाक वाळूच्या दगडाचं, पायाने फिरवायचं. पावसात झड आत येते म्हणून दार लावून घ्यायचे. ओलं काम करायला चाकावर पाणी सोडावं लागतं, त्याचा चिखल होतो, काम सावकाश होतं. म्हणून कोरडंच. मी शाळेतून आलो की अब्बांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. आम्ही हसायचो.

पंचेचाळिशीत त्यांना खोकला लागला, मग चढ चढताना दम. फोटो काढला, डाग दिसले. क्षयाची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत, तरी सहा महिने औषधं झाली. दोन वर्षांनी पुन्हा तीच. दवाखाने बदलले. नाव विचारलं, वय विचारलं, विडी ओढता का विचारलं. धंदा काय करता, हे एकानेही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. धार लावणं सांगण्यासारखं आहे असं आम्हालाच वाटत नव्हतं. वर मोहल्ल्यात क्षयाची बोंब झाली, बहिणीचं ठरत आलेलं लग्न थांबलं.

अब्बा गेल्यानंतर पुण्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी जुने फोटो उजेडाला धरले आणि पहिला प्रश्न केला, 'हे दगडाचं काम करत होते का?' सिलिकोसिस. वाळूच्या दगडात गारगोटी असते, तिची अगदी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे घट्टे पडत जातात. ते घट्टे उतरवणारं औषध नाही. अशा फुप्फुसात क्षयही लवकर शिरतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

हे नवं नाही. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात सुऱ्या-काटे घासणाऱ्या कामगारांचा दमा प्रसिद्ध होता. एंगेल्सने 1845 च्या आपल्या पुस्तकात तिथल्या डॉक्टर नाइट यांचा हवाला दिला आहे. कोरडं घासणारे सरासरी जेमतेम पस्तिशी गाठत, ओलं घासणारे क्वचित पंचेचाळिशी ओलांडत. फरक फक्त पाण्याचा. आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता, म्हणजे कारखान्यात तो आढळला तर कळवणं बंधनकारक होतं. पत्र्याची खोपटी मात्र कारखाना नव्हे.

मी आयटीआयला मशिनिस्ट ग्राइंडरला गेलो. दोन वर्षांचा ट्रेड आहे, आजही आहे. तिथे कळलं की अब्बा डोळ्यांनी जो कोन ओळखायचे त्याला अंशात नाव आहे. कारखान्यात ड्रिलला धार लावणाऱ्याला टूल अँड कटर ग्राइंडर म्हणतात आणि त्याला पगार असतो. तिथली चाकं वाळूच्या दगडाची नसतात, ॲल्युमिनियम ऑक्साइडची असतात. कार्बाइडला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा हिऱ्याचं चाक लागतं. तापलेलं कार्बाइड पाण्यात बुडवायचं नाही, तडा जातो. म्हणजे अब्बांनी शिकवलेलं टमरेल तिथे चालत नाही.

पण धूळ तिथेही आहे. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतो, त्याची धूळ फुप्फुसाला वेगळा आजार देते. तोंडावर रुमाल बांधून काही थांबत नाही. बारीक कण अडवणारा मास्क लागतो, चाकाजवळ धूळ ओढणारा पंखा लागतो. नवं चाक चढवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर चढवायचं, बद्द वाजलं तर टाकायचं. मी एकदा टिचकी मारली नाही. ही हनुवटीवरची खूण त्या दिवसाची. चूक माझीच होती.

एका गोष्टीबद्दल तुमच्यातला कोणी ना कोणी विचारेलच, म्हणून सांगतो. दाढी, सायकल आणि पिशवीत तीसेक सुऱ्या, अशा अवस्थेत वातावरण तंग असताना मला एका नाक्यावर चार तास बसवून ठेवलं होतं. शेवटी एका गावच्या वहिनी आल्या आणि त्यातली स्वतःची विळी ओळखून घेऊन गेल्या, तेव्हा सुटलो. 1959 च्या शस्त्र कायद्यातली व्याख्या वाचून ठेवा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता कुणाची किती हत्यारं घेतली याची वही मी बरोबर ठेवतो.

दाखल्याचं थोडक्यात. शिकलगार ही जात महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये आहे, या प्रवर्गाला अडीच टक्के आरक्षण आहे. पुरावा 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीच्या वास्तव्याचा लागतो. अडचण अशी की आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, आणि माझ्या आजोबांची तर शाळेची नोंदच नाही. ज्यांच्या घरी जुनी खरेदीखतं, जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत त्यांनी त्या आजच शोधाव्यात. कुठल्याही एका कागदावर 'शिकलगार' किंवा 'धार लावणे' लिहिलेलं सापडलं तर जपून ठेवा. आमच्याकडे शेवटी पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत तो शब्द सापडला.

डॉक्टरांकडे गेलात तरी तसंच करा. घरात कोणी दगड फोडत असेल, बोअर मारत असेल, फरशी कापत असेल, धार लावत असेल, तर त्यांनी विचारायची वाट पाहू नका. केसपेपरवर धंदा लिहून घ्या, किती वर्षं केला तेही.

बाहेर चिंचेखाली माझी सायकल उभी आहे. शिबिराच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मी सकाळीच बघितल्या, त्यांनी कांदा कापला जात असेल असं वाटत नाही. जेवणानंतर ज्यांना शिकायचं आहे त्यांनी या. मास्क चारच आहेत, तेव्हा चार-चार जण या.