सात आठे किती?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चौथीच्या कुठल्याही वर्गात जा आणि एखाद्या मुलाला आठाचा पाढा म्हणायला सांगा. हात मागे बांधून, डुलत डुलत तो आठ दाहे ऐंशीपर्यंत बिनचूक जातो. बाई खूश, पालक खूश. मग त्यालाच विचारा, सात आठे किती? तो छताकडे बघतो. ओठ हलू लागतात आणि बाकाखाली एकेक बोट दुमडतं. आठ एके आठपासून निघालेली पॅसेंजर सगळी स्टेशनं घेत छप्पन्नला पोचते, तोवर आपण पुढचा प्रश्न विचारलेला असतो.

या मुलाला पाढे येतात की नाही? माझ्या मते अर्धे येतात. घोकंपट्टीला नावं ठेवायला मी आलेलो नाही. ताल, सूर, वर्गाचा एकत्र आवाज यांमुळे पाढा डोक्यात बसतो, हे पंतोजींना नीट ठाऊक होतं. पण घोकून साखळी तयार होते. तिच्यातली हवी ती कडी सुटी काढता येणं हे निराळं काम आहे. ते आपण क्वचितच शिकवतो. आपोआप येईल असं धरून चालतो.

याचा हिशेब चुकवावा लागतो भागाकारात. ४५३६ भागिले ८. पंचेचाळीसमध्ये आठ पाच वेळा, उरले पाच. त्रेपन्नमध्ये सहा वेळा, पुन्हा उरले पाच. छप्पन्नमध्ये सात वेळा. उत्तर ५६७. ज्याला सहा आठे अठ्ठेचाळीस चटकन आठवतं, त्याचं हे अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याला दर वेळी आठ एके आठपासून निघावं लागतं, तो परत येईपर्यंत बाकी किती होती हेच विसरतो. आपण म्हणतो, याला भागाकार समजत नाही. समजत असतो हो! कॅल्क्युलेटर आहे ना, असं म्हणणाऱ्या पालकांनी हा प्रसंग जवळ बसून एकदा बघावा.

आपल्याकडची उजळणी बाजारासाठी घडलेली होती. पाढे तीसपर्यंत, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, तेव्हा औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढाही पोटापाण्याचा होता. १९५७ साली दशमान नाणी आली आणि औटकीची गरज सरली. मला तिचं दुःख नाही. पाऊणकी मात्र थोडी तरी ठेवायला हवी होती. अपूर्णांक शिकताना मुलांना ‘आठाचे पाऊण सहा’ हे कानावरून गेलेलं असतं तर बरं झालं असतं. अकरापासूनचे पाढे? पंधरा आठे विसासे म्हणण्यात गोडवा आहेच, पण सतरा सक काढायचं तर साठ आणि बेचाळीस, एकशे दोन, इतकं सुचलं तरी मला पुरतं.

आता मराठीतली खास अडचण. चोपन्न आणि छप्पन्न, त्रेसष्ट आणि चौसष्ट ही जोडपी कानाला जुळी वाटतात, आणि नेमकी तीच सहा नवे, सात आठे, सात नवे, आठ आठे यांची उत्तरं आहेत. मुलं तिथेच अडखळतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद झाले, विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे आपली बाजू मांडली. छप्पन्न हा शब्द टाकावा असं मी म्हणणार नाही. पण छप्पन्न ऐकताच पन्नास आणि सहा दिसलं पाहिजे. ज्या मुलाला ते दिसत नाही, त्याचा पाढा म्हणजे अर्थ न कळता म्हटलेलं स्तोत्र. त्या समितीने दुखरी जागा बरोबर ओळखली होती.

मग करायचं काय? आधी भीती कमी करा. दहापर्यंतच्या तक्त्यात शंभर उत्तरं. सात आठे आणि आठ साते एकच, हे पटलं की उरतात ५५. त्यातून एक, दोन, पाच आणि दहा यांचं सगळं काढा, कारण ते मुलांना लवकर येतं. राहिली २१. नवाचे हवे तर दहातून एक वजा करून काढा: सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट.

आणि चिंचोके घ्या. जमिनीवर आठ-आठच्या सात ओळी मांडू द्या. पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी ठेवा. वर चाळीस, खाली सोळा. मूल स्वतःच म्हणतं, छप्पन्न. मग त्याला उठवून बाजूला बसवा. आता ओळी आठ आणि प्रत्येकीत सात. चिंचोका एकही हललेला नाही! हे एकदा नीट पाहिलेलं मूल सात आठे विसरलं, तरी घाबरत नाही. पुन्हा काढून घेतं.

काढता येऊ लागलं की आठवण्याचा सराव, आणि तो फिरवून. एका वेळी दोन-तीनच नवी, बाकी येणारी, सरमिसळ करून. रोज पाच मिनिटं. रविवारी तासभर बसवण्याचा उपयोग नाही. अडलं तर ताटकळत ठेवू नका, उत्तर सांगा आणि चार प्रश्नांनी तेच पुन्हा विचारा.

घड्याळ लावावं का? इंग्लंडमध्ये २०२२पासून नऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांची सक्तीची चाचणी होते: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सहा सेकंद काही फार कमी नाहीत. पण चार पोरांसमोर उभं करून घेतलेल्या शर्यतीत, ज्याला मदत हवी तेच मूल आधी गप्प होतं. वेग मोजायचाच तर त्याचा कालचा आणि आजचा.

शेवटी उलटं विचारा. छत्तीस कुणाकुणाचे? चार नवे येईल, सहा सक येईल. तिथे थांबू नका, ‘आणखी?’ म्हणा. तीन बारे निघेल, बे अठरे निघेल. लसावि, मसावि आणि पुढे नववीतल्या बहुपदीचे अवयव पाडताना हाच प्रश्न वेगळ्या वेषात येणार आहे.