गिधाडांचे रक्षण आपल्या गोठ्यातून



मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत व ते फस्त करीत, हे वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. आता तेथे भटकी कुत्री पोसली जातात. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

ही हानी शिकाऱ्याने केलेली नाही. आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृत देहातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये ३ मिलिलिटरहून मोठ्या कुपीस मनाई झाली.

हरियाणात पिंजोर येथे व आपल्या राज्यात भोपाळजवळ केरवा येथे गिधाडांची पैदास करण्यात येते. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा कष्टाने वाढविलेले पाखरू बाहेर सोडल्यावर विषारी मांसावर उतरले, तर सारे श्रम व्यर्थ होत.

यास्तव गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध मागावे. इतर वेदनाशामक दिलेले जनावर दगावल्यास ते खोल पुरावे. गुरुजनांनी ही गोष्ट वर्गात समजावून सांगावी. गिधाड परतेल की नाही, हे आपल्या गोठ्यातच ठरणार आहे.