पाल्मिरा : नकाशा आणि छायाचित्र

सीरियाच्या वाळवंटातील पाल्मिरा, म्हणजेच तदमूर, हे मरूद्यानाकाठी वसलेले प्राचीन व्यापारी नगर. रॉबर्ट वुड व त्याच्या सहकाऱ्यांनी १७५१ मध्ये तेथील अवशेषांची मोजमापे घेतली. १७५३ मध्ये ती नकाशा व चित्रांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८६४ मध्ये लुई व्हीन्य या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने या अवशेषांची छायाचित्रे घेतली.

इसवी सन ३२ मध्ये बेल देवतेला अर्पण झालेल्या मंदिराच्या प्राकारात त्या काळी एक गाव नांदत होते. फ्रेंच अमलात, १९३० च्या सुमारास, उत्खननासाठी ते हलविण्यात आले. मंदिर मोकळे झाले; प्राकारातील मातीची घरे जुन्या छायाचित्रांतच उरली. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्लामिक स्टेट या संघटनेने मंदिरही सुरुंगांनी उडविले. गाभाऱ्याचे प्रवेशद्वार तेवढे उभे राहिले.

आता पुनर्रचनेचा प्रश्न निघतो, तेव्हा जाणकारांना याच जुन्या साधनांकडे वळावे लागते. परंतु कोणत्या काळातील पाल्मिरा उभे करावयाचे? स्तंभांमधील अंतर नकाशावरून कळेल. त्या स्तंभांच्या सावलीत माणसे कशी राहत होती, हे पाहावयाचे तर छायाचित्रच हाती घ्यावे लागेल.