कोल्हापूर ते नागपूर, सरळ रेषेत



महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. फूटपट्टीचं एक टोक कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर ठेवा, दुसरं नागपूरच्या सोनेगाववर. रेषा थेट ईशान्येला जाते. पंढरपूर अगदी तिच्या कडेला येतं, निम्म्या वाटेवर परळी, पुढे यवतमाळ आणि वर्धा. अंतर भरतं सुमारे ७०० किलोमीटर.

आता महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट बघा. मिरज, सातारा, पुणे करत ती दौंडला येते, नगरवरून मनमाडला चढते, मग भुसावळ, अकोला, बडनेरा. नागपूर येईतो बाराशेच्या वर किलोमीटर होतात आणि जवळजवळ चोवीस तास जातात. दोष गाडीचा नाही. नागपूरला रेल्वे १८६७ साली पोचली ती मुंबईच्या बाजूने, आणि वऱ्हाडचा कापूस त्याच वाटेने बंदरावर जाई. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१चा, तो संस्थानाचा. ही दोन शहरं एका राज्यात आली तीच मुळी १९५६ साली. त्यांना जोडावं असं त्याआधी कुणाच्या मनात येणार?

विमानाला रुळांचं बंधन नाही. ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या छोट्या जेटला हे अंतर कापायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ पुरेल. तरी वेळापत्रकात सव्वा ते दीड तास धरावा लागतो, कारण विमानाची वेळ मोजतात ती चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंत. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वर चढणं, उतरण्याआधी वेग कमी करत रांगेत येणं, सगळं त्यातच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन करायचं असतं. म्हणून उजळाईवाडीहून निघालेलं विमान आधी नागपूरकडे पाठ करून उडतं आणि मग वळतं. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडूनच वाहतात. जाताना चार-पाच मिनिटं वाचतात, येताना तेवढीच जादा लागतात.

पण खरा वेळ खातो तो मुंबईचा वळसा. थेट विमान नसेल तर आधी वायव्येला तीनशे किलोमीटर, मग पूर्वेला जवळजवळ सातशे, आणि मध्ये तासन् तास बसून राहणं. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो. त्याचा निम्मा प्रवास खुर्चीतच जातो, हे मला फार खटकतं. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, मंत्र्यांची सोय होते. अर्ज घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याची, परीक्षेला निघालेल्या मुलीची कोण करणार?

या दोन शहरांमध्ये थेट विमान हवं, तेही रोज आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. आठवड्यातून मोजक्याच दिवशी उडणारं विमान सव्वा तासात पोचवेल खरं, पण परतीसाठी दोन रात्री लॉजचं भाडं भरायला लावेल. सकाळी उजळाईवाडीहून निघालेल्या माणसाला नागपुरातलं काम उरकून रात्रीच्या जेवणाला घरी येता आलं पाहिजे.