प्राप्तिकर, आपण आणि आपले सल्लागार

(संस्थेच्या वतीने तामलवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून धम्म, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर व्याख्याने होतात. त्यात इन्कम टॅक्ससारखा रूक्ष विषय कशासाठी, असे कुणालाही वाटेल. आपल्या आजोबांच्या पिढीला हा विषय माहीत असण्याचे कारणच नव्हते. मिळकतच नव्हती, तर कर कसला? आज मात्र आपल्या घरात शिक्षक आहेत, नर्स आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, पोलीस आहेत, निवृत्तिवेतन घेणारे आहेत. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर कुणाचे हॉटेल आहे, कुणाचा टेम्पो आहे. पैसा हातात आला, पण त्याबरोबर येणारा कागद वाचायला आपण अजून शिकलो नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही हे रोज पाहतो, म्हणून या विषयावर बोलायला उभे आहोत.

हा विषय आपल्याला परका मात्र नाही. बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ म्हणजे सरकारी महसूल केंद्र आणि प्रांत यांच्यात कसा वाटला गेला याचाच अभ्यास आहे. त्याच वर्षापासून १९२८ पर्यंत ते मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. त्याआधी त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही करून पाहिला. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. ज्ञान असूनही सल्ला देण्याचा हक्क ज्यांना नाकारला गेला, त्यांचे आपण वारस आहोत. म्हणून चांगला सल्ला घेणे आणि पुढे चांगला सल्ला देणारे होणे, या दोन्ही गोष्टी आपण शिकल्या पाहिजेत.

कर न्याय्य असावा ही गोष्टही आपल्या परंपरेत जुनी आहे. सम्राट अशोकाने लुंबिनीला भेट दिली तेव्हा त्या गावाचा बली हा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा वाटा आठवा हिस्सा ठरवून दिला. ही नोंद तेथील स्तंभावर आजही आहे. आपल्या संविधानाचे कलम २६५ सांगते की कायद्याचा आधार असल्याखेरीज कोणताही कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. म्हणजे कर ही कुणा साहेबाची मर्जी नव्हे. तो कायदा आहे आणि कायदा वाचता येतो.

कायदा बदलला, घाबरू नका

१९६१ चा प्राप्तिकर कायदा सहा दशकांहून अधिक काळ चालला. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात ८१९ कलमे होती, नव्यात ५३६ आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा घोळ जाऊन आता एकच ‘कर वर्ष’ आले आहे. कलमांचे क्रमांक बदलले तरी रोजच्या व्यवहारातला आशय बराचसा तोच आहे. ‘कायदा बदलला, आता जास्त फी लागेल’ असे कुणी म्हणाले, तर नेमके काय बदलले ते आधी विचारावे.

नोकरदारांचे प्रश्न

पहिला प्रश्न नेहमीचा : ‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?’ येथे दोन गोष्टींची गल्लत होते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसतो, पण ६०,००० रुपयांपर्यंतच्या सवलतीमुळे तो शून्य होतो. एखाद्या शिक्षकाचा वार्षिक पगार १२,६०,००० रुपये आहे असे धरू. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की ११,८५,००० उरतात. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि वरच्या ३,८५,००० वर १० टक्क्यांनी ३८,५००, असा ५८,५०० रुपये कर होतो आणि सवलतीने तो माफ होतो. पण उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने रिटर्न भरावाच लागतो. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सवलत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न थकबाकीचा. वेतन आयोगाचा फरक किंवा अडकलेली वेतनवाढ एकदम हाती आली की त्या वर्षीचा कर फुगतो. पैसे ज्या वर्षांचे होते त्या वर्षांत विभागून कर मोजण्याची सवलत कायद्यात आहे. त्यासाठी वेगळा अर्ज रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरल्यामुळे सवलत नाकारली जाते. सल्लागाराकडे जाताना थकबाकीचा वर्षवार तक्ता कार्यालयातून मागून घ्यावा.

शेतकऱ्यांचे प्रश्न

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही, कारण संविधानाने तो विषय राज्यांकडे ठेवला आहे. पण शेतात राहून मिळालेला प्रत्येक पैसा शेतीचा नसतो. सोयाबीन, द्राक्षे, ऊस यांची विक्री शेतीची. शेतजमिनीचा खंड शेतीचा. दूध, कोंबड्या, भाड्याने दिलेला ट्रॅक्टर यांचे उत्पन्न मात्र धंद्याचे समजले जाते.

आपल्या भागात आज जमिनीचा प्रश्न मोठा आहे. महामार्ग झाला, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासाठी भूसंपादन झाले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याने मिळालेल्या मोबदल्यावर त्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे प्राप्तिकर नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे. मात्र संपादन कोणत्या कायद्याखाली झाले आणि मोबदल्याबरोबर व्याज किती मिळाले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. तेथे जाणकाराला निवाड्याची प्रत दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्वतःहून जमीन विकली, तर ती ग्रामीण शेतजमीन आहे की नाही हे नगरपालिकेपासूनच्या अंतरावर आणि त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरते. ही अंतरे २, ६ आणि ८ किलोमीटर अशी आहेत. जमीन आधी अकृषक करून प्लॉट पाडले असतील, तर ही सूट मिळत नाही.

ठेवीदारांचे प्रश्न

‘बँकेने माझ्या व्याजातून पैसे कापले’ ही तक्रार काउंटरवर नेहमी येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आणि ज्येष्ठ नागरिकांचे १,००,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर बँकेला १० टक्के कापावेच लागतात. पॅन नसेल, किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झाला असेल, तर २० टक्के कापले जातात. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वघोषणेचा अर्ज द्यावा. तरीही कापले गेले असतील तर ते बुडाले असे नाही. रिटर्न भरून ते परत मिळतात.

विद्यार्थी आणि फुगवलेला रिटर्न

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. त्याबाबत भीती नको. धोका दुसरीकडे आहे. वडिलांना गाडीचे किंवा घराचे कर्ज हवे असते. कुणीतरी सांगतो, ‘तीन वर्षांचे रिटर्न जरा वाढवून भरू, कर शून्यच येतो.’ उत्पन्न असते दीड लाख, रिटर्नमध्ये दाखवले जाते साडेतीन लाख. कर्ज मिळते. पण अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची आहे. मुलीच्या अर्जाच्या वेळी तोच रिटर्न पुढे आला, तर बाप काय सांगणार? बँकेला खोटे सांगितले म्हणणार, की तहसीलदाराला? उत्पन्न आहे तेवढेच लिहावे. किराणा किंवा हॉटेल चालवणाऱ्याला रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरून साधा रिटर्न भरण्याची सोय कायद्याने दिलेलीच आहे.

सल्लागार कोणाला म्हणावे?

सनदी लेखापाल म्हणजे सी.ए. हे १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद असतात. हिशेब तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यांचा. कर सल्लागार म्हणून काम करणारे वकील आणि वाणिज्य पदवीधरही असतात. कायद्याने ठरवलेली पात्रता असेल तर तेही प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडू शकतात. १९६१ च्या कायद्याच्या कलम २८८ मध्ये अशा प्रतिनिधींची यादी होती. तीत नातेवाईक होते आणि ज्या शेड्यूल्ड बँकेत आपले नियमित व्यवहार आहेत तिचे अधिकारीही होते.

चौथा प्रकार म्हणजे फलक लावून बसलेला ‘एजंट’. साधा रिटर्न भरून देणारे प्रामाणिक लोकही त्यांत आहेत, त्यांना दोष देत नाही. पण जो म्हणतो, ‘रिफंड काढून देतो, त्यातले वीस टक्के माझे,’ त्याच्यापासून दूर राहावे. तो न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे आणि नसलेला आजार रिटर्नमध्ये लिहितो. हिशेब करा : ६०,००० रुपयांचा रिफंड आला, १२,००० त्याने घेतले. पुढे चौकशी झाली की ६०,००० परत, वर व्याज, आणि खोटी माहिती दिल्याचा दंड कराच्या २०० टक्के म्हणजे १,२०,००० रुपये. हे सारे रिटर्नवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडून वसूल होते. एजंट तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणांत देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे सरकारने सांगितले. चूक झाली असेल तर जादा कर भरून सुधारित माहितीचा रिटर्न देण्याची मुदत २०२५ च्या वित्त कायद्याने चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. अशा वेळी सी.ए.कडे जाऊन खरे ते सांगावे.

सल्लागाराकडे जाताना काही नियम पाळावेत :

१. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ई-मेल आपलाच द्यावा. एजंटचा दिला तर नोटीस त्यालाच जाते, आपल्याला कळतही नाही.

२. फॉर्म १६, बँकेचे व्याजाचे दाखले आणि पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरण ही तिन्ही कागदपत्रे ताडून पाहावीत.

३. रिटर्न दाखल करण्याआधी प्रत्येक वजावट वाचून घ्यावी आणि ‘याचा पुरावा कोणता?’ असे विचारावे. पोचपावतीची प्रत घरी ठेवावी.

४. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी. रिफंडच्या टक्केवारीवर फी ठरवू नये.

५. सी.ए.च्या प्रमाणपत्रावर २०१९ पासून यूडीआयएन हा क्रमांक असतो. तो त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विभागाच्या नोटिशीवरही १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज क्रमांक असतो. तो पोर्टलवर तपासल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नयेत.

आपली संस्था

एक प्रश्न संस्थेचाही आहे. देणगीदारांना ८०जी ची सवलत (नव्या कायद्यात कलम १३३) मिळायची असेल, तर संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायासाठी किंवा जातीसाठीच आहे असे घटनेत असून चालत नाही. पण अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्या हितासाठी असलेल्या संस्थेला ही अडचण येत नाही, असा खुलासा ८०जी कलमातच होता. म्हणजे आपल्या घटनेतील उद्देशांच्या कलमात शब्द कोणते आहेत, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि प्राप्तिकराची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली की दुसरी आपोआप होत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला सवलत नाही, आणि नवी करपद्धती घेणाऱ्याला ती मुळातच नाही. कार्यकारिणीने घटनेची प्रत घेऊन सोलापूरच्या एखाद्या सी.ए.कडे एकदा बसावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. ज्याला स्वतःच्या मिळकतीचा हिशेब ठाऊक आहे, त्यालाच असे भाग करता येतील. सम्यक आजीविका म्हणजे चांगल्या मार्गाने मिळवणे, आणि मिळवलेले खरे सांगणेही.

शेवटी एक विनंती. पगारदारांच्या रिटर्नची मुदत ३१ जुलैला संपते. दरवर्षी जूनमध्ये विहारात दोन रविवार मदतकेंद्र भरवावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी कागद लावावेत आणि एका सी.ए.नी वरून नजर ठेवावी. त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि फायनल असा टप्पा गाठला, तर तामलवाडीच्या माणसाला सल्ल्यासाठी परक्या दारात ताटकळावे लागणार नाही. बाबासाहेबांचा तो सल्ल्याचा व्यवसाय गिऱ्हाइकांनी बंद पाडला. आपल्या मुलांचा आपण चालवून दाखवू.