आजोबांची रायफल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी बजावलंय, नोकरीबद्दल बोलू नकोस, इथे निम्मे लोक सॉफ्टवेअरमध्येच आहेत. म्हणून एका रायफलीबद्दल बोलते.

माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. सातवीत त्यांचं पदक मी वर्गात आणलं होतं आणि ते हरवता हरवता वाचलं, आठवतंय ना? तीन वर्षांपूर्वी ओहायोत एका जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात ली-एनफिल्ड दिसली. दस्त्यावर पितळी चकती, तिच्यावर मराठा पलटणीची अक्षरं. विक्रेता ऐंशीच्या घरातला. म्हणाला, आधीच्या मालकाने ही 1945 साली इटलीहून घरी आणली. किंमत साध्या ली-एनफिल्डच्या दुप्पट. मी तिथूनच बाबांना फोन केला, ही माझी चूक. बाबा रडायलाच लागले.

मग तपासायला बसले. बाई, तुम्ही विचारायचात तसं, "पुरावा कुठाय?"

दस्त्याच्या मानेजवळ मुकुट, 'जी.आर.आय.', ईशापूर आणि 1943. इथवर ठीक, कोलकात्याजवळच्या कारखान्यात युद्धकाळात झालेली. पण या रायफलीचा नंबर एकाच जागी नसतो. बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या दांड्यावर, पुढच्या टोपीवर, सगळीकडे तोच हवा. इथे बॉडी आणि नळीचा जुळला, बोल्टचा वेगळाच. त्याने किंमत उतरते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोल्ट त्या त्या रायफलीला बसवून घेतलेला असतो. दुसरीचा बोल्ट लावून फट जास्त राहिली, तर काडतुसाचं पितळ आत फाटू शकतं. गेजने मोजल्याशिवाय अशी रायफल उडवू नये. शिवाय लाकडाला नवंकोरं पॉलिश! संग्राहक त्यालाही नाक मुरडतात. (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. जुनी वस्तू घासल्यापुसल्याशिवाय कोण घेईल, असं त्यांचं म्हणणं.)

चकतीचं म्हणाल, तर ती एका स्क्रूवर असते. स्क्रूड्रायव्हर असलेला कुणीही बदलू शकतो.

उत्तर सापडलं बॉडीच्या कडेला, बारीक अक्षरांत. एका अमेरिकी आयातदाराचं नाव. तिथल्या 1968च्या कायद्यापासून बाहेरून आणलेल्या बंदुकीवर आयातदाराला स्वतःचं नाव उमटवावंच लागतं. म्हणजे ही अमेरिकेत आली ती त्यानंतर, व्यापाऱ्याच्या मालातून. 1945 सालच्या सैनिकाच्या पिशवीतून नव्हे.

विक्रेत्याला दाखवलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला वाटतं, त्यालाही कुणीतरी तीच गोष्ट विकली होती. किंमत त्याने तिथल्या तिथे निम्मी केली. मी घेतली नाही.

बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोल्टचा नंबर लिहून घेतलास का? तो तरी त्यांच्या रायफलीचा असेल."

मी घेतला नव्हता.