यात्रेची सागरवाट



स्पेनमधील सांतियागो येथे संत याकोबाची समाधी आहे, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. मध्ययुगापासून यात्रेकरू तेथे पायी जात आले आहेत. पोर्तुगालमधील पोर्तू शहरापासूनचा रूढ मार्ग बार्सेलुश, पोंत द लिमा, तुई असा अंतर्भागातून जातो. त्याला पर्याय म्हणून आज अनेक जण विआना, कामिन्या, बायोना, व्हिगो ही अटलांटिकच्या काठची वाट धरतात. रेदोंदेला येथे दोन्ही वाटा एक होतात.

२०२४ साली सर्व मार्गांनी मिळून सुमारे पाच लाख यात्रेकरूंना सांतियागो येथे यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र मिळाले. एवढी पावले किनाऱ्याकडे वळली, तर धोका वाळूच्या टेकड्यांना आहे. त्यांवरील गवत तुडवले गेले की वाळू वाऱ्याने उडते व किनारा उघडा पडतो. म्हणून तेथे ठिकठिकाणी वाळूपासून उंच अशा लाकडी पायवाटा बांधल्या आहेत. कामिन्या येथे मिन्यो नदीच्या मुखावर पूल नाही; नावेनेच पैलतीर गाठावा लागतो. नाव न मिळाल्यास पुलासाठी नदीकाठाने बरेच वर जावे लागते. दिशादर्शक पिवळे बाण रंगविण्याची प्रथा तर १९८४ साली एलिआस वालिन्या या खेड्यातील धर्मगुरूने फ्रान्सकडून येणाऱ्या मार्गावर सुरू केली.

बाण पुसट होऊ न देणे, कुजलेली फळी बदलणे, नाव वेळेवर सोडणे ही कामे लहान दिसतात. परंतु ती झाली तरच जुन्या वाटेवरील भार हलका होतो आणि किनाराही शाबूत राहतो. पालखीमार्गावरील ग्रामपंचायतींना या कामांचे मोल निराळे सांगावयास नको.